बालकांचे संरक्षण आणि स्थानिक संस्थांचे दायित्व

घरात बालकाचे हाल होत आहेत हे स्थानिक संस्थेस कळले आणि तरीही ती स्वस्थ बसली, तर त्या बालकास तिच्याविरुद्ध दाद मागता येईल काय? इंग्लंडमधील न्यायालयांनी या प्रश्नाचा पाव शतक कीस काढला. तो इतिहास येथील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनाही उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये बालसंरक्षणाचे काम मुख्यत्वे स्थानिक कौन्सिलांकडे असते. बेडफर्डशायर कौंटी कौन्सिलकडे एका कुटुंबाविषयी पहिली सूचना ऑक्टोबर १९८७ मध्ये आली. पुढे शेजारी, शाळा व पोलीस यांनीही कळविले. मुले उपासमारीत व घाणीत वाढत होती. बैठका झाल्या, नोंदी झाल्या; परंतु मुलांना सुरक्षित ठिकाणी हलविण्यास जून १९९२ उजाडला.

मुलांच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा करण्यात आला. १९९५ मध्ये तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. बालसंरक्षणाचे काम अनेक खाती मिळून करतात, निर्णय नाजूक असतात आणि दाव्यांच्या भीतीने अधिकारी केवळ स्वतःच्या बचावाचा विचार करू लागतील, अशी कारणे देण्यात आली. ही कारणे अगदीच निराधार नव्हती. परंतु साडेचार वर्षांच्या यातनांची भरपाई त्यांतून होत नव्हती.

मुलांनी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे धाव घेतली. १० मे २००१ रोजी त्या न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरविले. मुलांचे अमानुष वागणुकीपासून रक्षण करण्यात शासनयंत्रणा अपयशी ठरली आणि दाद मागण्याचा परिणामकारक मार्गही त्यांना मिळाला नाही, असा निर्णय देऊन मानसिक व शारीरिक यातनांपोटी प्रत्येकास ३२,००० पौंड देण्याचा आदेश झाला. दरम्यान, मानवी हक्क अधिनियम, १९९८ हा ऑक्टोबर २००० पासून अमलात आल्याने असा दावा ब्रिटनमधील न्यायालयांतच करण्याची सोय झाली होती.

तथापि, निष्काळजीपणाच्या दाव्याची वाट अरुंदच राहिली. २०१९ मध्ये पूल बरो कौन्सिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याने अधिकार दिला एवढ्यानेच भरपाईचे दायित्व येत नाही. कौन्सिलने धोका स्वतः निर्माण केला असेल किंवा संरक्षणाची जबाबदारी स्वीकारली असेल, तर मात्र ते येऊ शकते.

भारतात कायद्याने वेगळ्या टोकापासून आरंभ केला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार, असा अपराध घडल्याचे ज्यास कळेल, त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

भरपाई बालपण उलटून गेल्यावर मिळते. बेडफर्डशायरमध्ये माहितीची उणीव नव्हती. त्या माहितीवर वेळीच कृती करणारा कोणी नव्हता. शाळेत वा ग्रामपंचायतीत अशी वार्ता येताच ती कोणी, कोणास व केव्हा कळविली याची नोंद व्हावी आणि पुढे काय झाले याची विचारपूस व्हावी. दायित्वाची खरी कसोटी तेथेच लागते.