फुटलेल्या जलवाहिनीची साक्ष



रायपूरच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. तेथे लोखंड तापविण्याइतकेच यंत्रे थंड राखणेही निकडीचे असते आणि तो भार पोलादी जलवाहिन्यांवर असतो. वाहिनी फुटली की उत्पादन थांबते. पाणीपुरवठा कोलमडल्यास कधी याहूनही भयंकर घडते. रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवरील भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी पंपघरातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीचा वायू पाण्याच्या वाटेने उलट पंपघरात शिरला. रंग वा वास नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडने सहा बळी घेतले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तेथे गंजच कारणीभूत होता, असा याचा अर्थ नव्हे. पाण्याचा दाब गेल्याची किंमत मात्र तेथे दिसली.

तरीही फुटका तुकडा भंगारात टाकून नवा जोडण्याची घाई सर्वत्र आढळते. वस्तुतः तो तुकडाच प्रमुख साक्षीदार होय. कापण्यापूर्वी त्यावर प्रवाहाची दिशा व वरची बाजू खुणेने नोंदवावी. आतील थर तारेच्या ब्रशने खरवडू नये. पुरावा त्यातच असतो. तळाशी, गाळाखाली खोल खड्डे आढळले, तर प्राणवायूच्या असमान पुरवठ्याचा किंवा सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा संशय घ्यावा लागतो. पितळी झडपेलगतचेच पोलाद झिजले असेल, तर दोन भिन्न धातूंमध्ये विद्युतघट तयार झालेला असतो. वळणाच्या बाहेरील अंगाची गुळगुळीत झीज वेगवान प्रवाह व वाळूकडे बोट दाखविते. भिंत पुरेशी जाड असूनही चीर पडली, तर जाब पाण्याला नव्हे, झडप एकदम बंद करणाऱ्या हाताला किंवा सदोष वेल्डिंगला विचारावा. गंज बाहेरून आला असल्यास माती तपासावी. छत्तीसगडमधील काळी ‘कन्हार’ माती ओल धरून ठेवते.

पाण्याच्या काटकसरीसाठी तेच पाणी शीतकरण मनोऱ्यातून पुनःपुन्हा फिरविले जाते. हे योग्यच, पण बाष्पीभवनाने त्यातील क्षार वाढतात आणि हवेतील प्राणवायू मिसळतो. म्हणून तुकड्याबरोबर पाण्याचे नमुने व पंपाच्या नोंदीही हव्यात. मागील गळत्या एकाच आराखड्यावर मांडल्या असता त्या एका वळणाभोवती जमतात की सर्वत्र विखुरतात, यावरून तेवढा तुकडा बदलायचा की पाण्यावरील प्रक्रिया, हे ठरते.