राख त्यांची, पाणी आपलं

(नाल्याकाठच्या पाच गावांच्या बैठकीत आमच्या पाणी गटानं केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापतो आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं टोल्यावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवावं.)

आयाबायांनो, भावांनो, आज कशासाठी जमलोय ते सगळ्यांना ठाऊक आहे. वीज केंद्राचे साहेब गावात येऊन गेले. राखेचं तळं भरत आलंय, म्हणाले, नाल्याच्या वरच्या अंगाचं जंगल द्या. त्याच्या बदल्यात प्रत्येक गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळेल, आणि यंत्रातला माल आमच्याच राखेपासून बनवलेला असेल. म्हणजे राखही कामी लागली, पाणीही साफ झालं. पुढच्या ग्रामसभेत याच्यावर ठराव घ्यायचा आहे.

त्यांनी करून दाखवलं ते तुम्ही पाहिलंत. मोरचूद घातलेलं निळं पाणी एका नळकांड्यात ओतलं. नळकांड्यात पांढुरके दाणे होते. खालून पाणी आलं ते नितळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर आम्हीही वाजवल्या.

मग आम्ही ठरवलं, हे नीट समजून घ्यायचं. जाणकारांना विचारलं, वाचलं. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, ती जादू नव्हती आणि लबाडीही नव्हती. हे शास्त्र खरं आहे. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राख फार. शंभर गाड्या कोळसा जाळला तर तीस ते चाळीस गाड्या राख उरते. देशभरात वर्षाला २० कोटी टनांहून जास्त राख निघते. या राखेत मुख्य दोन पदार्थ, सिलिका आणि अॅल्युमिना. वाळूत आणि मातीत असतात तेच. ही राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळीच्या जवळपास तास न् तास तापत ठेवली की तिचे बारीक खडे बनतात. त्याला झिओलाइट म्हणतात. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी १९८५ च्या सुमारास हे करून दाखवलं. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेतही यावर काम झालं आहे.

झिओलाइट म्हणजे दगडाची जाळी समजा. डोळ्याला न दिसणारी भोकं, आणि भोकाभोकात सोडियम बसलेलं. सोडियम म्हणजे मिठात असतं ते. तांबं, शिसं, जस्त असे धातू विरघळलेलं पाणी त्यातून गेलं की जाळी आपलं सोडियम सोडते आणि तो धातू धरून ठेवते. अदलाबदल. जुन्या बाजारात व्यापारी मापभर मीठ द्यायचा आणि मापभर चारोळी न्यायचा, तसंच. मोरचुदात तांबं असतं. तांबं जाळीत अडकलं, पाण्याचा निळा रंग गेला.

आता दुसरी गोष्ट. त्या दिवशी मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, ‘बापू, आमच्या बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे पडतात. ते जाते का याच्यानं?’ साहेब म्हणाले, सगळं जातं. आजी, ते उत्तर बरोबर नव्हतं.

दात पिवळे पडतात ते फ्लोराइडमुळे. ते आपल्याकडे जमिनीतल्या खडकातून पाण्यात उतरतं. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाही, असं सरकारी मानक सांगतं. झिओलाइटची जाळी ज्या पदार्थांना ओढते त्यांच्या उलट जातीचं हे फ्लोराइड. साधी जाळी त्याला धरतच नाही. त्याच्यासाठी अॅल्युमिनाचा वेगळा माल लागतो, नाहीतर जाळीवर वेगळा लेप द्यावा लागतो. आर्सेनिक नावाच्या विषाचंही बहुतेक तसंच आहे. आणि ऐका, हे आर्सेनिक कोळशाच्या राखेतच असतं. तळ्यातून झिरपून ते नाल्यात आलं तर त्याच राखेची साधी जाळी त्याला अडवायच्या कामाची नाही. जुलाबाच्या जंतूंसाठीही ती नाही. पाणी उकळावंच लागेल.

निळं पाणी नितळ झालं ते दिसतं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते आधी दिसत नव्हतं, नंतरही दिसणार नाही. तपासणीशिवाय ते कळत नाही.

तिसरी गोष्ट. पोतं भरलं की त्यात आणखी धान मावत नाही, तशी जाळीही भरते. भरल्यावर पाणी तसंच खाली येतं, दिसायला नितळच. कोणी तपासलं नाही तर गाव यंत्राच्या भरवशावर विष पीत राहील. जाळी पुन्हा चालू करायची तर कडक मिठाच्या पाण्यानं धुवावी लागते. मग अडकलेलं शिसं त्या धुवणात उतरतं. ते धुवण कुठं ओतणार? जुना माल कुठं टाकणार? आणि माल बनवताना उरलेलं कॉस्टिकचं पाणी कुठल्या नाल्यात सोडणार? हे आम्ही विचारलं. साहेब म्हणाले, ते नंतर बघू.

चौथी गोष्ट. या मालासाठी राख लागते ती तळ्याच्या मानानं मूठभर. राख खरी खपते ती सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यांच्या भरावात. म्हणून ‘राख कामी लागते’ असं सांगून नवं तळं मागायचं, हे बरोबर नाही. राख कामी लागत असेल तर जुनं तळं रिकामं करून दाखवा. राखेची विल्हेवाट लावणं वीज केंद्रावर बंधनकारक आहे. सरकारनं १९९९ साली तशी अधिसूचना काढली आणि पुढं ती कडक करत नेली. ते काम त्यांचं आहे, त्याच्या बदल्यात आपलं जंगल मागता येत नाही.

आता सांगा, हा सौदा कसा आहे? वरच्या अंगाचं जंगल गेलं की झरे गेले, मोह गेला, तेंदू गेला. वर राख, खाली आपल्या बांध्या आणि विहिरी. आज नितळ असलेलं पाणी उद्या गढूळ होणार आणि ते गाळायला आपल्याला यंत्र मिळणार. हा मिठाच्या बदल्यात चारोळीचाच बाजार आहे. आपल्या आज्यापणज्यांनी तो एकदा भोगला आहे.

आम्ही शास्त्राच्या विरोधात नाही. जिथं कारखान्याच्या सांडपाण्यात धातू आहेत तिथं, कारखान्याच्या आवारातच, ही जाळी लावा. चांगलं काम होईल. घाण जिथं निघते तिथंच ती अडवायची असते.

वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ सांगतं की पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी खाणीला नाही म्हटलं. आपल्यासारखीच माणसं होती ती.

म्हणून ग्रामसभेपुढं आमचं म्हणणं असं:

१. जंगलाची मागणी आणि पाण्याचं यंत्र हे दोन वेगळे विषय. एकाच ठरावात दोन्ही घेऊ नयेत.

२. आधी पाचही गावांच्या विहिरी, बोअर आणि नाल्याचं पाणी तपासावं. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा. नमुना भरताना गावातली दोन माणसं हजर हवीत. निकाल मराठीत लिहून चावडीवर लावावा.

३. यंत्र द्यायचं असेल तर आपल्या पाण्यात जे निघेल त्यावर चालणारं द्यावं. माल कधी बदलणार, जुना माल कोण नेणार, हे कागदावर लिहून द्यावं.

४. जुन्या तळ्यातून नाल्यात येणारं पाणी आधी बंद करावं.

आणि एक आपल्या घरातलं. चुलीची राख आपण भांड्यांना लावतो, वाफ्यात टाकतो. तळ्यावरची राख तशी नाही. ती पाणी साफ करते असं ऐकून कोणी विहिरीत टाकू नका, पोरांना तिथं खेळू देऊ नका.

ग्रामसभेच्या दिवशी बायांनी आधी यावं आणि पुढं बसावं. पाणी भरायला रोज तुम्हीच जाता. आजीनं विचारला तो प्रश्न त्या दिवशी पुन्हा विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर लेखी घ्यायचं आहे.

जोहार!