आजी, क्रोशा आणि उसवलेल्या चार ओळी

आज कोडिंग नाही, क्रोशा. हसू नका.

मी पेणचा, आजी रोह्याची. शनिवारी मेमू पकडायची की पोचलो. गणपतीच्या चौरंगावरचा तिचा गोल रुमाल अर्धवट पडलाय, कारण तिला आता बारीक टाके दिसत नाहीत. म्हटलं, मी पुरा करतो, नमुना दे. तर म्हणे, "लिहिलेला नाही रे, हातात आहे." आणि हात तर थरथरतात. म्हणून मी घाईने शिकायला बसलो.

साखळी, मुका खांब, खांब. एवढ्यावर सगळा खेळ. स्वेटर विणताना सुईवर टाक्यांची अख्खी रांग असते, इथे टाका संपला की आकडीवर एकच फास. तो सुटला की ओढत जा, सगळं उसवतं.

माझा रुमाल सपाट बसेना, कडेला झालर पडली. मी लगेच मोबाइल काढला. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाइना टायमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम टाके वाढवत असाच क्रोशा विणला होता, हायपरबोलिक भूमिती हातात धरून दाखवायला. आजीला ऐटीत सांगितलं, हे गणित आहे!

तिने कड बोटांनी चाचपली. न बघता.

"गणित कसलं? चौथ्या ओळीपासून मोजायला चुकलायस. उसव."

उसवलं. परत विणतोय. ती बोटाने मोजते, मी बाजूला वहीत लिहून घेतो. अकरावी ओळ चालू आहे, तिच्या हिशेबाने अजून नऊ.