घोडेवाल्यांची कुंपणे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘घोडेवाल्यांची कुंपणे’ असे कळविले. चालकांपैकी एका गृहस्थांना जरा चमत्कारिक वाटले. ते म्हणाले, “तुम्ही कामगार चळवळीतले. किमान वेतन, कंत्राटी मजुरी असे काही घ्या की!” आम्ही म्हणालो, “त्याच गावाला जावयाचे आहे. या खेपेला घोड्यावरून जाऊ.” तेव्हा वाटेत जरा हसणे-खिदळणे झाले तर श्रोत्यांनी ते प्रवासाचा भाग समजावे.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, गेटसभांत आणि कष्टकरी माणसांच्या बैठकीत. या तिसऱ्या शाळेत भाषा फार चांगली शिकावयास मिळते. कुंपण या एका शब्दाभोवती आपल्या लोकांनी काय म्हणी घातल्या आहेत पाहा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. म्हणजे कुंपण ही दुबळ्याची सीमा. आणि कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? म्हणजे राखणदारावरही विश्वास नाही. घोड्याच्या बाबतीत तर एकच म्हण आमच्या संघटनेच्या फलकावर लिहून ठेवावी अशी आहे : घोडे कमावते आणि गाढव खाते. ही म्हण करणारा माणूस कोणत्या युनियनचा सभासद होता ते ठाऊक नाही. पण वर्गणी भरलेला असावा!

आता घोडा आणि कुंपण यांचा संबंध काय? आपल्याकडच्या बहुतेक घोडेवाल्याला स्वतःचे कुंपण नसतेच. परदेशात घोडा मोठ्या कुरणात सोडतात आणि कुरणाला फळ्यांचे किंवा झुडुपांचे कुंपण घालतात. आपल्याकडे घोडा बांधला जातो तो अगाडी-पिछाडीने. पुढे दोन दोर, मागच्या पायांना दोन दोर, की झाला बंदोबस्त. टांगेवाल्याजवळ, वरातीचा घोडा पाळणाऱ्याजवळ कुरण कुठले? म्हणजे घोडा आपला आणि कुंपण शेजाऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. आणि जिथे जनावर एकाचे व कुंपण दुसऱ्याचे, तिथे एक तर भांडण होते, नाही तर विनोद होतो. घोडेवाल्यांनी शहाणपणाने विनोद पत्करला.

हा विनोद ऐकावयाचा असेल तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावे. नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावची यात्राही अशीच. दिवसा सौदे चालतात. कोणी दात पाहतो, कोणी अंगावरचे भोवरे मोजतो, कोणी पंचकल्याणी म्हणून भाव वाढवितो, तर कोणी त्याच घोड्याला खोड काढून भाव पाडतो. पण रात्री थंडी पडली, दावणीला चारा टाकून झाला आणि शेकोटी पेटली, की खरी मैफल बसते. आम्ही अशा बैठकीत बसलो आहो. तिथले काही मासले जसे आठवतात तसे सांगतो.

एकाने विचारले, “चाचा, तुमचा हा अबलख कुंपण ओलांडतो काय हो?” चाचा कानाला हात लावून म्हणाले, “तोबा! कधी नाही. खानदानी जनावर आहे. ते मोडून जाते.”

दुसऱ्याच्या घोडीबद्दल शेजाऱ्याची तक्रार होती. तो म्हणाला, “घोडीचे चारही पाय आमच्या हद्दीत होते. मान तेवढी पाहुणी गेली होती.”

तिसऱ्याने घराभोवती शेराचे दाट कुंपण लावले होते. त्याला विचारले, “अण्णा, घोडा आता बाहेर जात नाही ना?” अण्णा म्हणाले, “घोडा जातो. सोयरे यावयाचे बंद झाले.”

एक म्हातारे शेतकरी इतका वेळ गप्प होते. त्यांच्या भावाने दर नांगरटीला बांध कोरून कोरून त्यांची वीतभर जमीन गिळली होती. ते म्हणाले, “तुम्ही घोड्याच्या पायांचे काय कौतुक सांगता? घोड्याला चार पाय आहेत म्हणून तो चालतो. आमचा बांध बिनपायांचा चालतो!”

आणि सर्वांत उत्तम निवाडा नुकसानभरपाईचा. एकाच्या घोड्याने शेजारच्या ज्वारीच्या चार ओळी खाल्ल्या. शेजारी भरपाई मागू लागला. घोडेवाला म्हणाला, “देतो की. पण घोडा रात्रभर तुमच्या शेतात होता. लीद कोणाच्या शेतात पडली? खताची किंमत वजा करा.” शेजाऱ्याने क्षणभर हिशेब केला आणि तो हसू लागला. शेवटी कडब्याच्या दहा पेंढ्यांवर प्रकरण मिटले. आम्ही मालकांशी वाटाघाटी करण्यात उमेदीची वर्षे घालविली. पण दोन्ही पक्ष हसत उठले असा करार आमच्या वाट्याला फारसा आला नाही.

श्रोतेहो, या थट्टेला केवळ थट्टा समजू नका. तिच्या पोटात धंद्याचे ज्ञान भरलेले असते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचे आणि अगदी पाठीमागचे. म्हणून घोड्याच्या मागून जाऊ नये हे खरे. शिवाय घोडा बुजला की आधी पळतो आणि विचार मागाहून करतो. अशा जनावराला बारीक तार दिसत नाही. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे एकस्व घेतले आणि अल्पावधीत ती तार जगभर पसरली. गुरांना ती आवरते. पण बुजलेला घोडा तिच्यात सापडला तर त्याची कातडी आणि शिरा फाटतात. म्हणून जाणता घोडेवाला शेजाऱ्याला विनवतो, “दादा, तारेला निदान चार चिंध्या तरी बांधा. लाज तुमची राहील, घोडा आमचा राहील.” कण्हेरीच्या कुंपणाचेही तसेच. शेळी तोंड लावीत नाही म्हणून लोक हौसेने कण्हेर लावतात. पण ती घोड्याला घातक विष आहे, आणि छाटलेल्या वाळक्या पानांतही ते विष राहते. म्हणून छाटणीचा ढीग वाटेवर टाकणाऱ्या शेजाऱ्याला घोडेवाला थट्टेने ‘हकीमसाहेब’ म्हणतो. थट्टा आहे, पण इशाराही आहे. आणि शेजारी दुखावला जात नाही. कायद्याच्या नोटिसीत ही सोय नाही.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. थट्टा जिथे संपते तिथे कोंडवाडा सुरू होतो. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालावयाचे आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यावयाचे, अशी त्याची रीत. या कायद्याच्या व्याख्येत गुरे म्हणजे केवळ गायी-म्हशी नव्हेत. हत्ती, उंट, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या हे सर्व गुरेच. घोडेवाल्यांच्या बैठकीत आम्ही ही यादी वाचून दाखविली, तेव्हा एकजण म्हणाला, “चला, सरकारदरबारी हत्ती आणि आमचे तट्टू एका पंगतीला बसले. समता म्हणतात ती हीच!” हशा झाला. पण दुसऱ्याने हळूच विचारले, “दंड भरावयास सापडेल तो सोडवील. ज्याला सापडणार नाही त्याचे काय?” त्याचे जनावर लिलावात जाते. हा प्रश्न आम्हांला कामगार कायद्याच्या पुस्तकांत सापडला नसता.

या लोकांच्या बोलण्यातून आम्ही एक रीत शिकलो. कुंपण दिसले की ते तीन गोष्टी विचारतात : हे घातले कोणी, घातले कोणासाठी, आणि राखतो कोण? हे तीन प्रश्न एका फार मोठ्या कुंपणाला लावून पाहा.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या अंगावर आडवे एक कुंपण घातले होते. मिठावरचा भारी कर चुकवून कोणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये म्हणून ही जकातीची रेषा. १८६९ च्या सुमारास सिंधूपासून महानदीच्या बाजूला थेट ओरिसापर्यंत तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती, आणि ती राखावयाला जवळजवळ १२,००० माणसे होती. आपल्याला जवळचे म्हणजे ती बऱ्हाणपुरावरून जात असे. या रेषेवर शेकडो मैल बाभळी, बोरी, करवंदी, निवडुंग यांचे जिवंत कुंपण वाढविलेले होते. काही ठिकाणी ते पुरुषाच्या दुप्पट उंच होते. ते वाढविण्याच्या कामी ज्यांनी विशेष खटपट केली त्यांत ॲलन ह्यूम हे होते. तेच ह्यूमसाहेब पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी दिसतात. इतिहासालाही थट्टा येते, ती अशी.

हे कुंपण घातले कोणी? सरकारने. कोणासाठी? करासाठी. आणि राखले कोणी? गरिबाघरच्याच शिपायांनी. पगारासाठी तो रात्रंदिवस गस्त घाली, आणि घरी भाकरीवर चिमूटभर मीठ त्याच्याच बायकोला महाग पडे. १८७९ साली ही रेषा मोडली. मीठ जिथे तयार होते तिथेच कर घेण्याची सोय झाली होती, म्हणून काट्यांची गरज उरली नाही. कुंपण गेले; कर राहिला. १९३० साली गांधीजी दांडीला गेले ते याच कराविरुद्ध. डोळ्यांना दिसणारे कुंपण मोडले म्हणून हुरळून जाऊ नये, हा धडा आम्हांला या हकिकतीत दिसतो.

आता शेवटचे कुंपण, आपल्या दाराजवळचे. माथेरानला मोटारीस बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथे घोडेवाले विनोदाने म्हणतात, “जगात घोडा कुंपणाच्या आत आणि माणूस बाहेर असतो, आमच्या गावात मोटार कुंपणाबाहेर आणि घोडा राजा आहे.” या राजाच्या राज्यात शेकडो घरांची चूल पेटते. त्याच डोंगरावर हातरिक्षा ओढणारे कष्टकरीही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लाल मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढावयाचे! या लोकांनी बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा मागितल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याविषयी आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे थांबलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

परंतु अश्वपालांच्या संघटना या ई-रिक्षांच्या विरोधात उभ्या राहिल्या. रस्त्यावर बसविलेल्या गुळगुळीत ठोकळ्यांवरून घोडा घसरतो, ही त्यांची तक्रारही होती. पुष्कळ सुशिक्षित मंडळी त्यांना प्रगतीचे वैरी म्हणून मोकळी झाली. आम्हांला तसे म्हणवत नाही. ज्याची सर्व पुंजी चार पायांवर उभी आहे, जिला हंगाम नसतानाही रोज चंदी घालावी लागते, त्याची भीती खोटी नाही. पण त्या भीतीने रिक्षावाल्याकडे शत्रू म्हणून पाहिले, तर नवे कुंपण पडते. आणि ते पडते दोन कष्टकऱ्यांच्या मध्ये. घोडेवाल्यांचेच तीन प्रश्न आम्ही त्यांना विचारतो. हे कुंपण कोणी घातले? कोणासाठी? आणि तुम्ही ते फुकटात का राखता?

यावर इलाज नाही असे नाही. आजारी, म्हातारे आणि शाळेची मुले चाकांवर जावीत. पॉइंट पाहावयास निघालेला हौशी पाहुणा घोड्यावर जावा. फेऱ्यांची आणि दरांची वाटणी दोन्ही बाजूंनी एका सतरंजीवर बसून करावी. घोड्याच्या वाटेवर मातीच राहावी, आणि घोड्यांच्या दवाखान्याची मागणी रिक्षावाल्यांनीही करावी. ज्या माणसांना चार ओळी ज्वारीचा तंटा लिदीच्या हिशेबाने मिटविता येतो, त्यांना हे जमणार नाही असे आम्ही मानीत नाही. मात्र त्याला आधी एकमेकांची थट्टा करता आली पाहिजे. आणि थट्टा करावयास जवळ बसावे लागते.

घोडेवाले लहान मुलांना एक कोडे घालतात, ते सांगून आपली रजा घेतो. घोड्याच्या गळ्यात दहा हातांचे दावे आहे आणि गवत आहे पंधरा हातांवर. तरी घोड्याने गवत खाल्ले, ते कसे? मुले दावे ताणून पाहतात, मान लांब करून पाहतात. उत्तर असे की, दाव्याचे दुसरे टोक कुठे बांधलेलेच नव्हते. आपल्यापैकी पुष्कळजण अशाच दाव्याकडे पाहून उपाशी उभे असतात. एकदा मागे वळून ते टोक पाहून यावे, एवढीच विनंती.