सकाळी रम, संध्याकाळी उटणं

आज कोड नाही, नवीन फोन नाही. आज बोलायचंय परफ्यूमवर. त्यातही तो महागडा प्रकार, ज्याच्या वर्णनात रम, चामडं आणि लाकूड एकाच ओळीत असतं.

दुकानात काय होतं? सेल्समन कागदाच्या पट्टीवर एक स्प्रे मारतो, आपण हुंगतो आणि अर्ध्या मिनिटात ठरवतो. म्हणजे ॲप उघडताना दिसणारा लोगो बघूनच फाइव्ह स्टार रेटिंग द्यायचं! कारण परफ्यूम हा एक वास नसतोच. त्यात हलके-जड रेणू एकत्र असतात. हलके आधी उडतात, जड मागे राहतात. टॉप, हार्ट, बेस म्हणतात ते हेच.

मागच्या शनिवारी मी असाच एक सॅम्पल मनगटावर मारला आणि फोनमध्ये वेळ टाकून नोंदी केल्या.

पहिलं मिनिट: नुसता स्पिरिटचा झटका. हे खरं अल्कोहोल, आणि ते लगेच उडतं.

पंधरा मिनिटं: आता रम. गंमत म्हणजे हा वास त्या अल्कोहोलचा नाही. असा वास आणायला वाइनच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळातून काढलेलं कोन्यॅक ऑइल वापरतात, ओकच्या लाकडाचा गंध वापरतात आणि आपला दवणाही! हो, जोतिबाला वाहतात तोच. त्याच्या तेलाला पिकलेल्या फळासारखा, मुरलेल्या दारूसारखा गोडवा असतो. आई शेजारून गेली, थांबली. "सकाळी सकाळी काय रे हे?" मी मनगट पुढे केलं. तिचा काही विश्वास बसला नाही.

दोन तास: गोडवा ओसरला, चामडं वर आलं. नवीन बूट, जुनी बॅग. बाटलीत चामडं नसतं बरं का. बर्च झाडाच्या सालीपासून काढलेलं धुरकट तेल किंवा आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचं रसायन हे काम करतं. पूर्वी रशियात चामडं कमवताना बर्चचं तेल लावायचे, म्हणून नाकाला ती जोडी पक्की झाली.

आठ तास: फक्त लाकूड, थोडी माती, थोडा धूर. संध्याकाळी चहा देताना आई म्हणाली, "उटण्यासारखा वास येतोय." बरोबरच होतं! अशा परफ्यूममध्ये नागरमोथ्याचं तेल असतं, आणि दिवाळीच्या उटण्यातही नागरमोथाच असतो.

तेच मनगट, तीच आई. सकाळी संशय, संध्याकाळी दिवाळी.

२०२० मध्ये किलियन या ब्रँडने एक कोन्यॅकच्या वासाचा परफ्यूम आणला, एंजल्स शेअर. म्हणजे देवदूतांचा वाटा. पिंपात मुरताना जी दारू हवेत उडून जाते, तिला हे नाव आहे. परफ्यूमचंही तसंच. सुरुवातीचं बरंचसं देवदूतांचं, उरतं ते आपलं.

म्हणून पगारातले पाच-सात हजार घालवण्याआधी एवढं करा. सॅम्पल घ्या, कागदावर नाही, त्वचेवर मारा. मनगटं घासू नका, उष्णतेने टॉप नोट्स लवकर उडतात. मग दुकानातून बाहेर पडा आणि दिवसभर आपलं काम करा. संध्याकाळी जो वास उरेल, तो आवडला तरच बाटली घ्या. कारण ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, घरी, सगळ्यात जास्त वेळ तुमच्यासोबत तोच राहणार आहे.

तुमच्या मनगटावर संध्याकाळी काय उरलं, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!