आजाराचा पत्ता कोणता?

(परळ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



रोग नकाशावर मांडण्याचा प्रघात मुंबईला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला आणि थोड्याच काळात सरकारी माणसे घरोघर खुणा करीत हिंडू लागली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली गेली. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला. वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद झाले आणि उठविलेली माणसे आसपासच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडून पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविले होते. तेथे ठपका पाण्यावर आला. येथे तो राहणाऱ्यावर ठेवला गेला.

आता उपग्रह आहेत, संगणक आहेत. पण नकाशावरची रेघ कोणी व कोठे ओढली, हे विचारल्यावाचून त्यांचा उपयोग नाही. महापालिकेच्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्क आहे आणि धारावीही आहे. दोहोंची सरासरी काढली की दोन्ही दिसेनाशी होतात. जुलै २०२० मध्ये एफ-उत्तरसह तीन विभागांत कोरोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात ती आढळली, इतर वस्तीत १६ टक्के. ही तफावत उघडी पडली, कारण पाहणी करणाऱ्यांनी विभागाच्या आत शिरून दोन वस्त्या वेगळ्या मोजल्या.

आपल्या परळचे पाहा. के. ई. एम., टाटा, वाडिया ही रुग्णालये एफ-दक्षिण विभागात. मृत्यू जेथे घडतो तेथे नोंदवावा, असा कायदा. राहत्या पत्त्यावरून आकडे पुन्हा लावले नाहीत, तर साऱ्या महाराष्ट्राचे मरण परळच्या खाती जमा होईल.

आणि ज्यांना परळ-लालबागनेच आजारी केले, ते येथे दिसतच नाहीत. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यांत वर्षानुवर्षे कापसाची धूळ छातीत घेतलेला कामगार १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणीबाहेर पडला. कोणी कोकणात गेला, कोणी घाटावर. त्याची धाप त्याच्याबरोबर गेली. त्याचा मृत्यू गावच्या दप्तरात, बहुधा ‘दमा’ किंवा ‘म्हातारपण’ म्हणून. (गिरणीचा हजेरीपट मिळवायला जा, शोधताना तुम्हालाच धाप लागेल.) केवळ मृत्यूच्या गावावर ठिपका ठेवणारी पद्धत, कितीही अद्ययावत असो, गिरणीला निर्दोष सोडते.

म्हणून पत्ता एक नव्हे, अनेक लिहावे लागतील: जन्म कोठे, काम कोठल्या खात्यात, किती वर्षे, खोलीत माणसे किती. नाव नको. रुग्णाचे दार ओळखू येईल असा नकाशा जाहीर झाला, तर घरमालक आणि सोयरीक दोघेही पाठ फिरवतील. मग आपणही ‘यू. एच. एच.’च रंगवीत असू.

हे काम आज करावयाचे, याला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या; नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही पाडापाड व बांधकाम सुरू आहे. नव्या घरांत प्रकृती सुधारली की बिघडली, हे ताडून पाहण्यास जुन्या खोल्यांची नोंद हवी. चाळ तीन मजल्यांची, मनोरा चाळीस मजल्यांचा. सपाट नकाशात दोहोंचा ठिपका एवढाच. तेव्हा वहीत मजल्याचा रकाना ठेवा, खिडकी कोठे उघडते तेही लिहा, आणि ज्या चाळी अजून उभ्या आहेत तेथून सुरुवात करा.