ढाक्याच्या बांधावरचा गोसावी

आजची गोष्ट आहे ढाक्याची, इंग्रजांच्या काळातली. १९२१ साल नुकतंच लागलेलं. बुढीगंगा नदीच्या काठी बकलंड बांध म्हणून जागा आहे, लोक संध्याकाळी हवा खायला जायचे तिथे. त्या बांधावर एक गोसावी येऊन बसला. अंगाला राख, डोक्यावर जटा, कमरेला लंगोटी. बोलायचा हिंदी, तेही मोजकंच. कोण, कुठला, काही सांगेना.

बघता बघता कुजबुज सुरू झाली, अरे, हा तर भावालचा मधला कुमार!

आता गंमत अशी की मधला कुमार मेलेला होता. भावाल ही ढाक्याजवळची बडी जमीनदारी, वाडा जयदेवपूरला. तीन भावांतला मधला रमेंद्र नारायण रॉय. शिकारीचा नाद, बायकांचा नाद, त्यातून उपदंश जडलेला. मे १९०९ मध्ये दार्जिलिंगला तो वारला आणि तिथेच दहन झालं, असं त्याच्याबरोबर गेलेली बायको बिभावती आणि मेव्हणा सांगत होते. पुढे बाकीचे दोघे भाऊही गेले. पोटचा मुलगा कुणालाच नाही. कारभार गेला सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे.

आणि बारा वर्षांनी हा माणूस! त्याला जयदेवपूरला नेलं, बहिणीने ओळखलं, रयतेने डोक्यावर घेतलं. ४ मे १९२१ ला त्याने लोकांसमोर सांगून टाकलं, मीच तो. महिन्याभरात, ३ जूनला, सरकारने नोटीस काढली की हा तोतया आहे. (तोतया म्हटलं की आपल्याला सदाशिवरावभाऊंचा आठवतो. पण त्या बिचाऱ्याला १७७६ मध्ये देहदंडच झाला. इथे प्रकरण कोर्टात गेलं.)

गोसाव्याचं म्हणणं, मला विष दिलं, चितेवर ठेवलं, इतक्यात वादळी पाऊस आला, लोक आडोशाला पळाले आणि नागा साधूंनी मला उचलून नेलं. सिनेमाच वाटतो ना? १९७५ मध्ये उत्तम कुमारचा ‘संन्यासी राजा’ आलाही.

१९३० मध्ये दावा दाखल झाला. न्यायाधीश पन्नालाल बसूंपुढे साक्षीदार आले दीड हजारांवर!

मला खरा इंटरेस्ट इथे आहे. आपण पासवर्ड विसरलो की सिस्टीम प्रश्न विचारते, कारण बरोबर उत्तर तिच्याकडे आधीच साठवलेलं असतं. इथे ते उत्तरच वादात होतं. मुळात कुमार होता कसा? विरोधी वकील म्हणाले, शिकलेला, इंग्रजी वळणाचा. म्हणून त्यांनी गोसाव्याला बिलियर्ड्ससारख्या खेळांतले शब्द विचारले. त्याला एक येईना. मग गोसाव्याच्या बाजूने सिद्ध काय करायचं? तर आमचा राजकुमार जवळजवळ निरक्षर होता! राज्य परत मिळवायला आधी आपला अडाणीपणा शाबीत करायचा. आणि कोर्टाला तेच पटलं. शिवाय अंगावरच्या खुणा होत्या, डाव्या घोट्याजवळ गाडीच्या चाकाचा जुना व्रण, पायांची खवल्यांसारखी कातडी, सहा नंबरचा जोडा.

२४ ऑगस्ट १९३६ ला निकाल, हाच कुमार. १९४० मध्ये हायकोर्टात दोन विरुद्ध एक. ३० जुलै १९४६ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तेच कायम केलं. आणि पुढच्या काही दिवसांतच हा माणूस वारला.

मला विचाराल तर खुणांचा पुरावा जबरदस्त आहे, बसूंच्या जागी मीही बहुधा हाच निकाल दिला असता. पण बिभावतीला मी बाजूला सारू शकत नाही. लोक म्हणतात, ती भावाच्या मुठीत होती, इस्टेटीपायी खोटं बोलली. बरं. मग तो मेल्यावर तिच्या वाट्याला आलेला पैसा तिने घेतला का नाही? तो घेणं म्हणजे त्याची बायको असल्याचं कबूल करणं होतं. कोर्टाच्या हिशोबाने ती १९४६ मध्ये विधवा झाली. तिच्या हिशोबाने १९०९ मध्ये, दार्जिलिंगला.